फेनवे पार्क कशासाठी जपायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात बॉस्टनच्या मराठी घरांत भारतातून आईबाबा, सासूसासरे, मावश्या येतात. त्यांना काय काय दाखवायचं याची यादी ठरलेली असते: हार्वर्ड, बंदर, केप कॉड आणि एखाद्या संध्याकाळी फेनवे पार्क. मी आजवर कितीतरी पाहुण्यांना तिथे घेऊन गेले आहे आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात. एवढं जुनं, अडचणीचं, गुडघे दुखवणारं स्टेडियम या लोकांनी अजून का ठेवलंय, हा तर प्रत्येक जण विचारतो. म्हणून सगळी उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली.

फेनवे पार्क म्हणजे नेमकं काय?

बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचं घरचं मैदान. इथला पहिला अधिकृत सामना २० एप्रिल १९१२ रोजी झाला. रेड सॉक्सनी न्यूयॉर्क हायलँडर्सना, म्हणजे आजच्या यँकीजना, ११ इनिंग्जमध्ये (डावांत) ७-६ असं हरवलं. टायटॅनिक बुडून तेव्हा पाचच दिवस झाले होते, आणि वर्तमानपत्रांत त्यापुढे दुसऱ्या कशाला फारशी जागा नव्हती. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या, संघांची आज वापरात असलेली जी मैदानं आहेत त्यांत हे सगळ्यांत जुनं. शिकागोचं रिगली फील्ड याच्यानंतर दोन वर्षांनी, १९१४ मध्ये उभं राहिलं.

इंग्रजीत 'फेन' म्हणजे पाणथळ, दलदलीची जागा. शेजारच्या दलदलीचं उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी उद्यान केलं, त्यावरून वस्तीला फेनवे म्हणू लागले आणि वस्तीवरून मैदानाला.

मला बेसबॉल कळत नाही. मग या मैदानाचं मला काय?

माझे बाबा गिरगावातल्या चाळीत वाढले. पहिल्यांदा फेनवेला आले तेव्हा त्यांना बेसबॉलचा एकही नियम ठाऊक नव्हता. तिसऱ्या इनिंगला एक चेंडू डावीकडे उंच उडाला, भिंतीवर धाडकन आपटून परत मैदानात आला आणि बॅटर दुसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे धावायच्या चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, जाऊन थांबला. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्या चाळीसारखंच की! समोरच्या भिंतीला टप्पा न पडता लागला तर दोन, आणि खिडकीत गेला तर आऊट."

फेनवे कळायला एवढं पुरतं. चाळीतल्या क्रिकेटचे नियम कुणी बसून लिहिले नव्हते. ते त्या अंगणाच्या आकारातून, नळाच्या, जिन्याच्या, तापट शेजाऱ्याच्या खिडकीच्या जागेवरून आपोआप ठरले. बेसबॉलमध्ये आतला चौक सगळीकडे सारखा असतो. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पट्टीपासून होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथपर्यंत, ६० फूट ६ इंच. बाहेरची कुंपणं मात्र प्रत्येक मैदानाची वेगळी. फेनवे बांधायला मिळालेला तुकडा रस्त्यांनी वेढलेला होता, डावीकडे लान्सडाउन स्ट्रीट, पलीकडे जर्सी स्ट्रीट. मैदानाला त्या तुकड्यात मावावं लागलं आणि खेळाला त्या मैदानात. ज्यांनी गल्लीत एकदा तरी बॅट धरली आहे त्यांना हे मैदान बघता बघता आपलं वाटायला लागतं, हा माझा अनुभव.

ती हिरवी भिंत एवढी का गाजते?

तिला 'ग्रीन मॉन्स्टर' म्हणतात, हिरवा राक्षस. उंची ३७ फूट २ इंच, म्हणजे साधारण चार मजली चाळ. ती होम प्लेटपासून मैदानाच्या डाव्या सीमारेषेवर अवघ्या ३१० फुटांवर आहे, आणि बेसबॉलच्या हिशेबात हे अंतर फारच कमी. १ जून १९५८ नंतर बांधलेल्या मैदानांसाठी नियम असा आहे की रेषेवरचं कुंपण किमान ३२५ फुटांवर आणि मधलं किमान ४०० फुटांवर हवं. फेनवेत डावीकडे ३१० आणि उजवीकडे ३०२ फूट. हे मैदान नियमाच्या आधी जन्मलं म्हणून चालतं. आज कुणी असं बांधायला काढलं तर त्याला खास परवानगीच मागावी लागेल.

भिंत मुळात उभी राहिली ती फुकट्या प्रेक्षकांना अडवायला. आधी ती लाकडी होती आणि तिच्या पायथ्याशी उतार होता. डफी लुईस नावाचा खेळाडू तो चढ पळत चढून झेल घेण्यात इतका पटाईत झाला की त्या उताराला लोक 'डफीचा कडा' म्हणायला लागले. १९३४ च्या मोठ्या दुरुस्तीत तो सपाट झाला आणि भिंतीला पत्रा लागला. त्यानंतरही भिंतीवर साबणाच्या, दाढीच्या पात्यांच्या, दारूच्या जाहिराती असायच्या. हिरवा रंग आला १९४७ मध्ये.

खेळावर तिचा परिणाम गमतीचा आहे. दुसऱ्या कुठल्याही मैदानावर सहज झेल जाईल असा नुसता उंच उडालेला चेंडू इथे भिंतीला घासून खाली येतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. उलट, सपाट, जोरदार मारलेला फटका, जो दुसरीकडे कुंपणापार जाऊन होमरन झाला असता, तो इथे भिंतीच्या मध्यावर आदळतो आणि एका बेसवर समाधान मानावं लागतं. म्हणून डाव्या कोपऱ्यात उभं राहणाऱ्याला चेंडू कुठे लागला तर कसा उसळेल हे पाठ असावं लागतं. टेड विल्यम्स, कार्ल यस्ट्रेम्स्की, जिम राइस हे तिघं एकामागून एक त्याच कोपऱ्यात उभे राहिले आणि तिघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेले. पाहुण्या संघाला हे घरचं ज्ञान नसतं, आणि ते दिसून येतं.

भिंतीला एक शिडी आहे. २००३ पर्यंत वरती जाळं होतं, लान्सडाउन स्ट्रीटवरच्या दुकानांच्या काचा वाचवायला १९३६ मध्ये लावलेलं. सरावात त्यात अडकलेले चेंडू काढायला माळी त्या शिडीने चढायचे. आता जाळं नाही, त्या जागी बसायच्या रांगा आहेत. शिडीचं काम उरलेलं नाही, तरी ती जागची हलवलेली नाही, आणि चेंडू तिला लागून बाहेर गेला तर काय धरायचं याचा खास नियम आजही लागू आहे.

धावफलक अजून हाताने चालवतात हे खरं का?

खरं. आणि मला विचाराल तर सगळ्या मैदानात बघण्यासारखं तेच.

भिंतीच्या पोटात एक अरुंद, लांबट खोली आहे. आत माणसं बसतात. भिंतीला आडव्या फटी आहेत, त्यांतून ती सामना बघतात आणि धावा झाल्या की लोखंडी पाटी उचलून खाचेत सरकवतात. धावांच्या आणि हिट्सच्या (यशस्वी फटक्यांच्या) पाट्या १६ इंची चौकोनी, प्रत्येकी दीडेक किलोच्या. दुसऱ्या शहरांत चाललेल्या सामन्यांचे काही आकडे आतून बदलता येत नाहीत. मग दोन इनिंग्जच्या मध्ये एक जण दार उघडून बाहेर येतो, शिडी टेकवतो, पाट्या बदलतो आणि खेळ सुरू व्हायच्या आत परत भिंतीत शिरतो. आतल्या सिमेंटवर कित्येक वर्षांच्या खेळाडूंच्या सह्या आहेत. तिथे उन्हाळ्यात उकडतं, एप्रिलमध्ये बोटं गारठतात.

त्या खोलीची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे वर्षाचा विजेता ठरवणाऱ्या मालिकेचा, सहावा सामना, बारावी इनिंग, मध्यरात्र उलटून गेलेली. कार्लटन फिस्कने मारलेला चेंडू डाव्या रेषेवरून निघाला. तो रेषेच्या आत पडतो की बाहेर जातो कुणालाच कळेना. फिस्क पळायचं सोडून दोन्ही हात हलवत चेंडूला 'आत ये, आत ये' म्हणून खुणावत राहिला. चेंडू रेषेच्या टोकाला असलेल्या डाव्या खांबाला लागला आणि होमरन झाला. टीव्हीचा एक कॅमेरा त्या धावफलकाच्या खोलीत होता. जवळ उंदीर दिसल्यामुळे कॅमेरामनने चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवलाच नाही, तो फिस्कवरच राहिला, अशी त्या प्रसारणाची प्रसिद्ध आठवण आहे. खेळाडूच्या चेहऱ्यावरची घालमेल अशी टिपली गेली आणि खेळ टीव्हीवर दाखवायची पद्धतच त्यानंतर बदलली. सातवा सामना आणि मालिका मात्र सिनसिनाटीने जिंकली. तरी बॉस्टनमध्ये आठवण काढतात ती सहाव्याची.

हे पाडायचं कोणी ठरवलं होतं?

संघाच्याच तेव्हाच्या व्यवस्थापनाने. मे १९९९ मध्ये जॉन हॅरिंग्टन यांनी योजना जाहीर केली: शेजारच्या जमिनीवर सुमारे ४४ हजार प्रेक्षकांचं नवं फेनवे बांधायचं, तिथे हिरव्या भिंतीची प्रतिकृती करायची आणि जुन्याचा थोडा भाग आठवण म्हणून ठेवायचा. सुरुवातीचा अंदाज ५४.५ कोटी डॉलरचा होता, वर्षभरात तो ६६.५ कोटींवर गेला. त्यातले सुमारे ३१ कोटी राज्य आणि शहर मिळून देणार होते, म्हणजे करदात्यांच्या खिशातून.

योगायोग बघा, त्याच वर्षी १३ जुलैला फेनवेत ऑल-स्टार, म्हणजे निवडक मोठ्या खेळाडूंचा, सामना होता. ८० वर्षांचे टेड विल्यम्स छोट्या गाडीतून मैदानात आले आणि त्या काळातले सगळे मोठे खेळाडू त्यांच्याभोवती असे गोळा झाले की सामना सुरू करायला उशीर झाला. निवेदकाने जागेवर जा म्हणून सांगितलं तरी कुणी हलेना. पहिला चेंडू टाकताना टोनी ग्विन या खेळाडूने म्हाताऱ्याला धरून उभं केलं आणि समोर झेलायला कार्लटन फिस्क. ज्या जागेवर हे चाललं होतं ती पाडायची योजना दोन महिन्यांपूर्वी जाहीर झालेली होती.

पण जुन्या मैदानाबद्दलच्या व्यवस्थापनाच्या तक्रारी खोट्या होत्या का?

नव्हत्या. जुन्याची बाजू घ्यायची तर हे आधी मान्य करायला हवं.

खुर्च्या खरंच अरुंद आहेत. मागच्या छताला आधार देणारे लोखंडी खांब बरोबर डोळ्यांसमोर येतात. एकदा माझ्या सासूबाई अख्खा सामना खांबाच्या डावीउजवीकडे डोकावत बसल्या होत्या, पिचर दिसला की बॅटर दिसत नव्हता. उजवीकडच्या काही भागांतल्या खुर्च्या होम प्लेटकडे तोंड करून नाहीतच, तीन तास मान वळवून ठेवावी लागते. १९९९ मध्ये आतले रस्ते चिंचोळे होते, स्वच्छतागृहांपुढे रांगा लागायच्या, सिमेंट झिरपत होतं, आणि महागड्या बंद कक्षांतून दुसऱ्या संघांना जो पैसा मिळत होता तो इथे मिळत नव्हता. स्वतःचं घर जुनं झालेल्या कुणालाही ही यादी ओळखीची वाटेल.

प्रश्न एवढाच होता की या दुखण्यावर पाडणं हा एकच इलाज आहे का.

शेजारी हुबेहूब तसंच नवं बांधलं असतं, तर बिघडलं काय असतं?

पाहुण्यांपैकी व्यवहारी माणसं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. उंची तीच, रंग तोच, अंतर तेच. मग फरक काय?

मी त्यांना वानखेडेची आठवण देते. १६ नोव्हेंबर २०१३. सचिनचा शेवटचा कसोटी सामना संपला, भाषण झालं, खांद्यावर घेऊन फेरी झाली. आणि मग तो एकटा परत खेळपट्टीपाशी गेला, वाकला, मातीला हात लावून नमस्कार केला. ती खेळपट्टी त्याच मापाची आणि त्याच जातीच्या मातीची शेजारी बनवता आली असती. तिला त्याने नमस्कार केला असता का? आपल्यातल्या प्रत्येकाला उत्तर माहीत आहे, कुणी समजावून सांगायची गरज नाही.

हिरव्या भिंतीचंही तसंच. फिस्कचा चेंडू ज्या बाजूने गेला ती ही बाजू. २ ऑक्टोबर १९७८ ला यँकीजच्या बकी डेंटने ज्या भिंतीवरून चेंडू घालवून बॉस्टनचं वर्ष संपवलं ती ही भिंत. पत्र्याच्या जागी १९७६ मध्ये टणक प्लॅस्टिकचं आवरण आलं, वरचं जाळं गेलं, तरी ती जागा सोडून कुठे गेली नाही. आजीच्या घराचं छप्पर बदललं म्हणून ते आजीचं घर राहत नाही असं आपण म्हणत नाही. पण चार गल्ल्या पलीकडे तसंच घर बांधून त्याला आजीचं घर म्हटलं, तर घरातली लहान मुलंसुद्धा ऐकून घेणार नाहीत.

शिवाय वेडावाकडा आकार नाइलाजाने आला तेव्हा त्याला अर्थ होता. रस्ता आडवा आला म्हणून भिंत उंच झाली. मोकळ्या जमिनीवर मुद्दाम वाकडी भिंत काढली की ती सजावट होते.

मग ते वाचलं कसं? नुसत्या भावनेवर?

नाही, आणि यातून शिकण्यासारखं खूप आहे.

१९९८ मध्येच 'सेव्ह फेनवे पार्क' नावाने नागरिकांनी गट केला होता. त्यांनी पत्रकं वाटली, सह्या घेतल्या, गाड्यांवर चिकटवायच्या पट्ट्या छापल्या, हे झालंच. पण त्यांचं खरं काम वेगळं. ऑगस्ट २०००मध्ये त्यांनी वास्तुविशारद, नगररचनाकार, परिसरातले रहिवासी अशा सगळ्यांना एकत्र बसवून आहे त्याच जागी मैदान कसं सुधारता येईल याचे आराखडे काढून घेतले. जादा खुर्च्या कुठे बसतील, आतले रस्ते रुंद कसे होतील, हे कागदावर दाखवलं. 'दुरुस्ती अशक्य आहे' या वाक्याला 'ही बघा शक्य आहे' असं उत्तर मिळालं. आपल्याकडे जुने वाडे, जुनी नाट्यगृहं वाचवायची म्हणताना नेमकी हीच पायरी राहून जाते, असं मला वाटतं. आठवणी सगळे लिहितात, मोजमापाची पट्टी घेऊन फार थोडे जातात.

दरम्यान नव्या फेनवेचा पैसा जमेना. संघ विकायला निघाला. २००२ च्या सुरुवातीला तो जॉन हेन्री, टॉम वर्नर आणि लॅरी लुकिनो यांच्या गटाकडे आला. लुकिनो यांना बाल्टिमोरच्या कॅमडेन यार्ड्सचा अनुभव होता, जुन्या मैदानांच्या धाटणीवर बांधलेलं ते १९९२ मधलं स्टेडियम. तिथेच काम केलेल्या वास्तुविशारद जॅनेट मेरी स्मिथ यांना त्यांनी बॉस्टनला आणलं आणि आधी दुरुस्ती जमते का हे बघायला सांगितलं. २००४ मध्ये संघाने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि २३ मार्च २००५ रोजी जाहीर केलं की आम्ही फेनवे सोडून जाणार नाही.

एवढ्या दुरुस्तीनंतर जुनं काय उरलं?

बरंच. स्मिथ यांनी दरवर्षी हिवाळ्यात, खेळ बंद असताना, थोडं थोडं काम केलं. २००२ मध्ये सामन्याच्या दिवशी शेजारचा रस्ताच बंद करून तिकीट काढलेल्या प्रेक्षकांना फिरायला मोकळा केला, त्यामुळे एक भिंत न हलवता गर्दीला श्वास मिळाला. २००३ मध्ये हिरव्या भिंतीच्या माथ्यावर रांगा बसवल्या. आज तिथल्या तिकिटांना खूप मागणी असते. २००४ मध्ये उजव्या बाजूच्या छतावर बसायची सोय झाली. पुढे मैदानाखालचा पाण्याचा निचरा नव्याने केला. होम प्लेटमागे १९८० च्या दशकात लावलेल्या बंद कक्षाच्या मोठ्या काचा २००६ मध्ये काढून टाकल्या. दहा वर्षांत सुमारे २८.५ कोटी डॉलर खर्च झाले, नव्याच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी.

छताखालच्या निळ्या लाकडी खुर्च्या १९३४ च्या दुरुस्तीपासूनच्या आहेत. त्या काढून, खालचं सिमेंट गळतीविरुद्ध दुरुस्त करून, परत तिथेच बसवल्या. रंगाचे थर इतके चढलेत की कडा गोल झाल्या आहेत. बसताना लाकूड करकरतं आणि हाताला थंड लागत नाही, प्लॅस्टिकसारखं. प्रेक्षक उठून उभे राहिले की हजारो लाकडी फळ्या एकदम वर आपटतात. तो आवाज नव्या मैदानात ऐकायला मिळत नाही.

इथे वर्णभेदाचाही इतिहास आहे ना? अशी जागा कशाला गौरवायची?

आहे, आणि तो लपवून जागा जपता येणार नाही.

१६ एप्रिल १९४५ रोजी जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची फेनवेत चाचणी झाली. तीसुद्धा शहराचे नगरसेवक इसाडोर मुचनिक यांनी दबाव आणला म्हणून. तिघंही चांगले खेळले. रेड सॉक्सकडून नंतर निरोप आला नाही. दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि त्याने इतिहास घडवला. जेथ्रो १९५० मध्ये याच शहरातल्या दुसऱ्या संघाकडून, ब्रेव्ह्जकडून, खेळला आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. रेड सॉक्सनी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो १९५९ मध्ये. सगळ्या संघांत सर्वांत शेवटी.

त्या काळचे मालक टॉम यॉकी. धावफलकावरच्या उभ्या पांढऱ्या रेघांत ठिपके आणि डॅश आहेत, मोर्स लिपीत ती यॉकी पतिपत्नींची आद्याक्षरं आहेत. शेजारच्या रस्त्यालाही त्यांचं नाव होतं. २०१८ मध्ये संघाच्या आजच्या मालकांनीच विनंती करून ते काढायला लावलं आणि रस्ता पुन्हा जर्सी स्ट्रीट झाला.

मैदान पाडलं असतं तर ही गोष्ट सांगायची जागाही गेली असती. माझ्या मुलाने शाळेत रॉबिन्सनबद्दल वाचलं होतं. होम प्लेटकडे बोट दाखवून "तो इथेच उभा होता, आणि यांनी त्याला घेतलं नाही" असं मी सांगितलं, तेव्हा त्याने उलट जे प्रश्न विचारले ते पुस्तक वाचून विचारले नव्हते.

बाकीच्या शहरांत काय झालं?

डेट्रॉइटचं टायगर स्टेडियम फेनवेच्याच दिवशी सुरू झालं, २० एप्रिल १९१२. जुळं भावंडच म्हणा. तेही पाडायचं घाटलं तेव्हा १९८८ मध्ये, त्याच तारखेला, हजाराहून जास्त चाहत्यांनी हातात हात घालून साखळी केली आणि स्टेडियमला मिठी मारली. त्यांनीही दुरुस्तीचा सविस्तर, स्वस्त आराखडा तयार केला होता. ऐकलं नाही कुणी. शेवटचा सामना २७ सप्टेंबर १९९९ ला झाला, मग वास्तू कित्येक वर्षं रिकामी पडून राहिली आणि २००८-०९ मध्ये जमीनदोस्त केली. त्यानंतर काही चाहते स्वतःची यंत्रं घेऊन जात, रिकाम्या जागेवरचं गवत कापत आणि पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा परत बांधत. आता तिथे मुलांसाठी मैदान आहे.

ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड १९६० मध्ये गेलं, तिथे इमारती झाल्या. पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डच्या भिंतीचा तुकडा उरला आहे. दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमतात आणि १९६० च्या अंतिम सामन्याचं जुनं रेडिओ समालोचन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. विटांच्या एका तुकड्यासाठी.

जुनं ठेवल्यामुळे तिकिटं महाग झाली नाहीत का?

झाली. जागा साधारण ३७ हजारच आणि मागणी प्रचंड. मे २००३ ते एप्रिल २०१३ या काळात सलग ८२० सामन्यांची तिकिटं संपली होती. चौघांच्या कुटुंबाला ही संध्याकाळ स्वस्त पडत नाही, आणि ज्या कामगार वस्त्यांतून पूर्वी प्रेक्षक यायचे त्यांना तर ती परवडेनाशी झाली आहे. जतनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी याकडे डोळेझाक करू नये असं मला मनापासून वाटतं. एप्रिल-मे महिन्यातले आठवड्यातल्या मधल्या दिवसांचे सामने आणि मधल्या उघड्या रांगा त्यातल्या त्यात आवाक्यात असतात.

आता ते कायद्याने सुरक्षित आहे का?

अर्धवट. शंभरी भरली त्या वर्षी, मार्च २०१२ मध्ये, त्याचं नाव ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आलं. त्याने मालकाला पाडण्यापासून रोखता येत नाही. मात्र ठरलेले निकष पाळून दुरुस्ती केली तर पात्र खर्चाच्या २० टक्के इतकी केंद्रीय करसवलत मिळते. म्हणजे जपणं हा मालकाच्याही फायद्याचा व्यवहार होतो. मला ही पद्धत मनाई करून स्वस्थ बसण्यापेक्षा शहाणपणाची वाटते.

मुंबईत असं काही उदाहरण आहे?

ब्रेबॉर्न. १९३७ चं ते मैदान. तिकिटांच्या वाटणीवरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटनेचं फाटलं आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं, १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. ब्रेबॉर्नवर कसोटी परत यायला २००९ उजाडलं. मधल्या काळात ते टिकलं, कारण क्लबचे सभासद तिथे रोज येत राहिले, खेळत राहिले, व्हरांड्यात बसत राहिले. फेनवेही असंच रोजच्या वापरामुळे टिकलं आहे.

पहिल्यांदा जाताना काय बघावं, कुठे बसावं?

केनमोर स्थानकावर उतरा आणि गर्दीबरोबर चालत जा. रस्त्यात सॉसेज आणि परतलेल्या कांद्याचा वास येईल, त्यावरून दिशा कळते. शाकाहारी मंडळींनी घरून खाऊनच निघावं. एप्रिलमध्ये भारतातून आलेल्या पाहुण्यांना स्वेटरवर जाकीट घालायला लावा, सूर्य गेला की नदीकडून गार वारा येतो. तिकीट घेताना 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' लिहिलेलं टाळा, तो खांब आहे. सामना नको असेल तर नुसती आतून फेरीही मारता येते, आणि आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर तीच बरी.

उजव्या कोपऱ्यातला पिवळा खांब बघा. तो 'पेस्कीज पोल'. जॉनी पेस्की हा काही मोठा होमरनवाला नव्हता, सगळ्या कारकिर्दीत १७ होमरन. तरी नाव त्याचं, आणि लोक येताजाता खांबावर सह्या करून जातात.

मग मधल्या उघड्या रांगांकडे नजर टाका. हजारो हिरव्या खुर्च्या आणि त्यांत एकच लाल. सेक्शन ४२, रांग ३७, खुर्ची २१. ९ जून १९४६ ला टेड विल्यम्सचा चेंडू ५०२ फूट जाऊन तिथे पडला. तेव्हा खुर्च्या नव्हत्या, बाकं होती, आणि ऊन डोळ्यांवर येत असल्यामुळे तिथे बसलेल्या गृहस्थाला चेंडू दिसलाच नाही. त्याच्या गवती हॅटला भोक पडलं. त्या लाल खुर्चीचं तिकीट आजही बाकीच्यांसारखंच विकलं जातं. आम्ही गेलो त्या संध्याकाळी तिथे एक शाळकरी मुलगी हातमोजा घालून बसली होती, आणि प्रत्येक उंच चेंडूला उठून उभी राहत होती.